माझं एक वाक्य आणि त्याचे दोन तुकडे

मित्रांनो, मी हातात घालायचा एक जुना बाहुला आहे. नाव म्हसू. काम मेंढरं राखायचं, तेही खोटंखोटं. सध्या माझ्याविषयी जी चर्चा चालली आहे, तिने माझं डोकं उठलं आहे. लाकडाचं डोकं असूनही उठलं आहे, यावरून काय ते समजा.

माझा जन्म धरणाच्या खोऱ्यातल्या रिहे गावचा. एकनाथ नावाच्या मेंढपाळाने पांगाऱ्याच्या लाकडात माझं डोकं कोरलं, फाटक्या घोंगडीचा अंगरखा शिवला आणि काळ्या मेंढीची लोकर मिशी म्हणून चिकटवली. तोंड मात्र फटकळ दिलं. खेळात मी आणि माझी कापडी शेळी, दोघंच. सरपंच, पाहुणे, फलकावर हात जोडून उभे असलेले पुढारी, धरण बघायला येऊन गाडीतून न उतरणारी मंडळी, मी कोणालाच सोडलं नाही. खोऱ्यातल्या शाळांमधली पोरं हसून हसून लोळायची.

खेळाच्या शेवटी शेळी रुसून निघते आणि मी तिच्यावर खेकसतो, "कुटं मरायला निघालीस? खाऊन जा आधी." की पडदा. आमच्याकडे घरोघर असंच बोलतात. एकनाथची आई त्याला रोज हेच म्हणायची. त्याचा अर्थ कोणी कोणाला विचारला नाही.

मग एकनाथच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि त्याचा आवाज गेला. आता तो नुसता पुटपुटतो. अन्नावरची वासनाही उडाली. घरात सगळे त्याच्याशी हळू आवाजात, जपून बोलू लागले आणि तो अधिकच गप्प झाला. तेव्हा त्याच्या मुलीने, सायलीने, मला हातात घेतलं.

जवळच्या कासार आंबोली गावच्या शाळेचं स्नेहसंमेलन जवळ आलं होतं. मुख्याध्यापक अण्णासाहेब तालमीला आले आणि माझं वाक्य ऐकून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"सायली, हा बाहुला माणूसघाणा आहे. लहान मुलांपुढे मरणाच्या गोष्टी कशाला? ठेव त्याला पेटीत."

"न्हाई हो सर, त्यो आतनं लई हळवा हाय. वरवर तसं बोलतोय."

झालं. दोघं माझं मन तपासायला बसली आणि मी खुंटीला उलटा टांगलेला. सरांना फक्त 'मरायला' ऐकू येत होतं, सायलीला फक्त 'खाऊन जा'. वाक्य एकच आहे, हे कोणाच्या लक्षात येईल तर शपथ. अखेर तडजोड झाली. 'मरायला' काढून टाकायचं, आणि खेळ रंगला तरच मी राहायचं, नाहीतर कायमचा पेटीत. वर सायलीने माझ्या गालावर निळ्या रंगाचा अश्रू काढला. मला विचारण्याची पद्धत आमच्यात नाहीच.

संमेलनात सायलीने मला मधाळ आवाजात बोलायला लावलं. मी पाहुण्यांचं कौतुक केलं, शेळीला 'बाळे' म्हणालो. पोरं जांभया देऊ लागली. मित्रांनो, मला खरंच भीती वाटली. पेटीत लोकरीला कसर लागते, आणि तिथे कोणावर खेकसायचं?

एकनाथ पहिल्या रांगेत होता. शाळेने दिलेल्या पोह्यांची बशी त्याच्या मांडीवर तशीच होती. त्याला माझं हे सोंग बघवेना. त्याने बशी खाली ठेवली, उठला आणि फाटकाकडे निघाला.

सायलीचा हात माझ्या आत ताठ झाला. शेळी राहिली बाजूला, तिने मला त्याच्याकडे वळवलं, आणि माझ्या जुन्या खरखरीत आवाजात शब्द आले, "ए एकनाथ, कुटं मरायला निघालास? खाऊन जा आधी."

मंडपात कोणी हसलं नाही. ऑपरेशनचं सगळ्यांना ठाऊक होतं. एकनाथ वळला. त्याचे खांदे हलत होते. आवाज नव्हता, म्हणून तो हसतो आहे हे कळायला जरा वेळ लागला. मग पोरं हसली. तो परत येऊन बसला आणि गिळवले तेवढे पोहे त्याने खाल्ले. पडद्यामागे सायली रडत होती. मी मात्र शेळीवर खेकसत राहिलो, कारण खेळ चालू होता.

पेटीचं नाव आता निघत नाही. पण चर्चा थांबली म्हणता? छे. आता अण्णासाहेब सांगत सुटलेत की बाहुला फार हळवा आहे, आणि सायली म्हणते, "न्हाई सर, फटकळच हाय त्यो."

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणीतरी दिवसभर करवादत असेल. त्याचं वाक्य अर्ध्यावर सोडून उठू नका, पुरतं ऐका. आणि माझ्या मनाचा एवढाच कळवळा असेल तर सुई-दोरा घेऊन या. काखेतली शिवण उसवली आहे, बोट बाहेर येतं. फक्त सुई जपून घाला. सायली मला हातातून काढतच नाही.