नऊ हजार नऊशे

"नखाने खरवडू नकोस, रंग जाईल!" डेलमार पाठीमागून ओरडला.

ओपलने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पिकअपचं ड्रायव्हरकडचं दार सताड उघडं टाकून ती वाकली होती आणि दाराच्या खांबावरचं शिकारी मंडळाचं गोल स्टिकर अंगठ्याच्या नखाने सोलत होती. एवढी मोठी गाडी, पण एल्क हरणाची शिंगं चिकटवायला या बाबाला नेमकी हीच चार बोटं जागा सापडावी! स्टिकर निघालं आणि खालची कारखान्याची पट्टी उघडी पडली. गाडी, माल, माणसं, तेल, सगळं धरून नऊ हजार नऊशे पौंड. त्याच्यापुढे एक पौंडही नाही.

"झाकलंस तरी आकडा जातो होय रे?" ती म्हणाली.

"मी काही झाकलं नाही. आवडलं म्हणून लावलं."

"बरोबर. आवडलं म्हणून."

पिकअपच्या मागच्या हौद्यात कॅम्पर बसला होता. बिछाना, शेगडी, मोरी, सगळं असलेली ती अख्खी खोली. तिचं पुढचं नाक टपावरून पार काचेपर्यंत आलेलं. ओपल तीन दिवस बहिणीकडे गेली काय आणि डेलमारने तो विकत घेऊन, पाणी-सामान भरून, गाडीवर चढवूनसुद्धा ठेवला. सत्तावीस वर्षं सरकारी वजनकाट्यावर काढलेली बाई घरात, आणि नवऱ्याने सल्ला कोणाचा घ्यावा, तर शेजारच्या लाइलचा! लाइलने आयुष्यभर गालिचे विकले. पण तिला विचारलं असतं तर ती काय म्हणेल, हे डेलमारला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच विचारलं नाही. ओपलला राग आला तो याचाच.

लाइल कुंपणापलीकडे कॉफीचा मग घेऊन उभा होताच. फुकटचा तमाशा तो कधी सोडत नसे.

"काय काटेवाल्या बाई, पास की नापास?"

"तू गप रे लाइल. मागच्या आसावर हवेचे फुगे बसवायची अक्कल तूच दिलीस ना याला?"

"मग! बघा की, गाडी कशी सपाट उभी आहे. आधी बूड टेकलं होतं, आता एक इंच खाली नाही."

"बूड वर उचललं म्हणून वजन कमी झालं का? ब्रेक तेच, चाकं तीच, आस तोच. दुखतंय ते दिसायचं बंद केलंत तुम्ही, एवढंच."

डेलमारने खिशातून घडी घातलेला माहितीपत्रकाचा कागद काढला. हे तो कालपासून चौथ्यांदा दाखवत होता. "हे वाच. छापलेलं आहे. कॅम्परचं वजन दोन हजार ऐंशी. गाडीला चोवीसशे दहा झेपतं. तीनशे तीस पौंड शिल्लक राहतात, बाईसाहेब. शाळेतलं पोरसुद्धा करील ही वजाबाकी."

"कोरडं वजन आहे ते."

"म्हणजे?"

"म्हणजे कारखान्यात, पाणी नाही, बॅटरी नाही, गॅस नाही, चार कोपऱ्यांतले पाय नाहीत, टपावरचा एसी नाही, बाहेरची छत्री नाही. आणि आत तू नाहीस. असा कॅम्पर जगात कोणी चालवत नाही, डेलमार. तो फक्त त्या कागदावर असतो."

"तुला यायचं नाही, हे सरळ सांग ना."

हे मात्र खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे ओपलला सांगता येईना. तिला यायचं होतं. सत्तावीस वर्षं त्या काचेच्या खोलीत बसून तिने दर मिनिटाला कोणाला तरी कुठे तरी जाताना पाहिलं होतं. सफरचंदं, लाकूड, गुरं, जहाजावर चढणारं गवत. सगळं समुद्राकडे जायचं, आणि ती मात्र संध्याकाळी डबा धुऊन घरी. डेलमारने न्यूपोर्टच्या किनाऱ्यावर दोन आठवड्यांची जागा धरली होती. खिडकीतून लाटा दिसतात म्हणे. काल रात्री रागाने तोंड फिरवून झोपली तरी तिने गुपचूप गरम मोजे बॅगेत टाकले होते.

"काट्यावर चल," ती म्हणाली. "रविवार आहे, काटा बंद असतो, पण बाहेरची आकड्यांची पाटी चालू ठेवतात. आकडा बसला तर मी समुद्रापर्यंत तोंड उघडणार नाही."

"आणि नाही बसला तर?"

"तर समुद्राच्या वाटेवरचा तो कॅबेज हिलचा उतार मी या गाडीतून उतरणार नाही. तूही नाही."

"ऐकलंस ना लाइल? साक्षीदार आहेस तू," डेलमार म्हणाला. "पॅसिफिकपर्यंत शांतता!"

काटा अकरा मैलांवर होता. वळणावर कॅम्पर डावीकडे झुकला, मग सावकाश उजवीकडे. डेलमारने स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. एरवी तो एका हाताने चालवायचा. ओपलने ते पाहिलं.

काट्याची खोली कुलूपबंद होती. बाहेरच्या पाटीवर मात्र लाल शून्य पेटलेलं होतं. ट्रकवाल्यांना आपलं आपण वजन करता यावं म्हणून सुट्टीच्या दिवशीही ती तशीच ठेवतात. डेलमारने गाडी लोखंडी पाट्यावर घेतली.

अकरा हजार वीस.

डेलमार बघतच राहिला. मग म्हणाला, "बिघडलाय."

"तो नाही बिघडत."

"एकोणीसशे एक्याण्णव साली बिघडला होता!"

आलं. कुठल्याही भांडणात हे यायचंच. त्या साली डेलमार गवताचा ट्रक चालवायचा. ट्रक भरून काट्यावर आला, चौदाशे पौंड जास्त निघाला, आणि ओपलने सख्ख्या नवऱ्याला दंडाची पावती फाडली. गाव सहा महिने हसलं. न्हाव्याच्या दुकानात लोक त्याला विचारायचे, घरी तुझंही ताट मोजतात का रे? डेलमारने ते अजून गिळलेलं नव्हतं.

"तेव्हाही नव्हता बिघडला," ओपल म्हणाली. "तुझ्यामागे रांगेत चार ट्रक उभे होते. तुला सोडलं असतं तर त्यांना कुठल्या तोंडाने अडवलं असतं?"

"मी तुझा नवरा होतो!"

"म्हणूनच!"

डेलमारने स्टिअरिंगवर हात आपटला. "तुला आयुष्यात एकच काम जमलं. लोकांना थांबवायचं. कोणी कुठे निघाला की ही बाई हात आडवा करून उभी! आता मी सत्तरीला आलो, एकदा, एकदाच कुठे जावं म्हटलं..." त्याने नाक पुसलं आणि चिडूनच विचारलं, "किती जास्त आहे?"

"अकराशे वीस."

"टाकीत चाळीस गॅलन पाणी आहे. ते सोड. किनाऱ्यावर पाणी मिळत नाही की काय! आणि तुला जे काढायचं ते काढ. नऊ हजार नऊशेवर आणून दाखवतो की नाही बघ."

"बघते."

ती खाली उतरली आणि सहासष्टाव्या वर्षी, गुडघे कुरकुरत असताना, कॅम्परच्या बुडाशी ओणवी झाली आणि टाकीची चावी उघडली. पाणी पाट्यावर पडून कडेच्या गटारात वाहू लागलं. ती परत येऊन सीटवर बसली. आकडे वीस-वीसने उतरत होते. दहा हजार नऊशे. आठशे चाळीस. दोघंही समोर पाटीकडे बघत होती. कोणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, काय प्रेमाने टीव्ही बघताहेत!

दहा हजार सहाशे ऐंशीवर पाणी संपलं.

"जनरेटर," ओपल म्हणाली.

"जनरेटर राहू दे."

"किनाऱ्यावर वीज मिळत नाही की काय?"

डेलमार शिव्या घालत उतरला. जनरेटर निघाला. हत्यारांच्या दोन पेट्या निघाल्या. त्यातली एक फक्त सांध्यांची आणि नळांची होती. "समुद्र गळायला लागला तर लागेल, नाही का?" ओपलने विचारलं. जळाऊ लाकडं निघाली. बिडाचं जाड पातेलं निघालं. डेलमारही कमी नव्हता. त्याने कपाट उघडून तिच्या हाताने भरलेल्या पीचच्या बरण्यांचं खोकं बाहेर ओढलं आणि तिच्या पायाशी आपटलं.

"चोवीस बरण्या! हे काय, कापूस आहे?"

तिने वाद घातला नाही. स्वतःच ते खोकं उचलून रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवलं, आणि त्यावर दोन घडीच्या खुर्च्या. कडेला आता घर रिकामं केल्यासारखा पसारा पडला होता.

दोघं परत गाडीत बसली. दहा हजार दोनशे.

"उरले तीनशे," डेलमार म्हणाला. आता त्याच्या आवाजात चक्क उमेद होती. "जवळ आलं की गं! अजून काय आहे?"

ओपल कॅम्परमध्ये जाऊन आली. कपाटं उघडली, फळ्या उचलल्या. गाद्या होत्या, दोन पांघरुणं, एक किटली. आतल्या चिमुकल्या खिडकीला डेलमारने नवा पडदा लावला होता, निळा, जरा वाकडा शिवलेला. स्वतः शिवला असणार. तिला एकदम वाटलं, हा आकडा उतरू दे. सत्तावीस वर्षांत एकदाही तिने कोणाच्या आकड्यासाठी असं मनात धरलं नव्हतं. तीनशे पौंड भरेल असं काढण्यासारखं काही तरी अजून असेल म्हणून तिने दोनदा फिरून पाहिलं. काही नव्हतं. आता फक्त खुद्द कॅम्पर उरला होता.

ती बाहेर येऊन गाडीपाशी उभी राहिली, पण आत बसली नाही. पाट्याच्या बाहेर पाऊल ठेवलं.

दहा हजार चाळीस.

"बघ, तू उतरलीस की काय फरक पडतो ते!" डेलमार खिडकीतून म्हणाला. हे बोलताना आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं असावं, पण जीभ मागे घेणाऱ्यांतला तो नव्हता. "तू मागून बसने ये. एकशे चाळीस पौंड म्हणजे काय! लाइलचा कुत्रा तेवढा आहे."

"एकशे चाळीस जास्त म्हणजे जास्तच."

"जास्तच, जास्तच! पोपट आहेस का तू? सहा मैलांचा उतार आहे, मी जन्मभर ट्रक उतरवलेत त्यावरून!"

"ते ट्रक त्या वजनासाठीच बनवलेले होते. ही साधी पिकअप आहे. ब्रेक तापले की मग तू कोण, कुठला, किती वर्षं चालवलीस, ते विचारत नाहीत. ब्रेक जाऊन खाली येऊन आपटलेले ट्रक मी पाहिलेत, डेलमार. तू नाही पाहिलेस. अपघात झाला की मला बोलवायचे, सुटी झालेली चाकं मोजायला."

"बस! बस झालं!" त्याने दार ढकललं आणि तणतणत खाली उतरला. "तूच चालव! तूच मोज! तूच जा समुद्रावर!" तरातरा चालत तो तिच्याजवळ आला, तिच्या नाकासमोर बोट नाचवलं, आणि ती आपल्याकडे बघतच नाही हे पाहून मागे वळला.

पाटीवर नऊ हजार आठशे वीस होतं.

"बसला!" डेलमार म्हणाला. सवयीने, जिंकल्यासारखा. "बघ, बसला आकडा. ऐंशी कमीच आहे. सांगत होतो ना मी..."

तो थांबला. गाडी पाट्यावर उभी होती, दोन्ही दारं उघडी, सपाट, छान. आत कोणी नव्हतं.

मग टोपी काढून त्याने डोकं खाजवलं आणि हळूच, भांडणाचा लवलेश नसलेल्या आवाजात विचारलं, "मग हिला चालवणार कोण, ओपल?"

लोक तिला दंड किती, नियम कुठला, वरचा साहेब कोण, असं सगळं विचारायचे. हे कोणी विचारलं नव्हतं. तिला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. तिने पुन्हा एकदा पाटीकडे पाहिलं, आकडा तोच होता.

मागे एक लाकडाचा ट्रक येऊन थांबला. ड्रायव्हरने जरा वाट पाहिली, मग दोनदा भोंगा वाजवला. काटा मोकळा करायला हवा होता.

"जा," ओपल म्हणाली. "पुढे घेऊन कडेला लाव. सामान नंतर बघू."

डेलमार दोन पावलं गेला आणि थबकला. दारावर हात ठेवून त्याने आधी पाटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"आता आकडा तू बघू नकोस," तो म्हणाला.

ओपलने मान डोलावली. पाटीकडे पाठ करून ती रस्त्याकडेच्या सामानासमोर उभी राहिली. मागे दार लागल्याचा आवाज आला. ती वळली नाही.