मासा कशाला लागतो

भिगवणच्या पाणवठ्यावर एकच दगड असा, की त्यावर बसून गळ टाकला तर खाली थेट डोह. रविवारी जमणाऱ्यांचा रिवाज असा, की सगळ्यात जाणत्यानं त्या दगडावर बसायचं. अठरा वर्षं तिथं अय्युबराव बसत होते, ते त्यांच्या गळाला लावायच्या पिठाच्या जोरावर. त्यांची बायको मेहबूबबी ते पहाटे मळायची. त्यात काय घालते, हे जावयालाही सांगितलेलं नव्हतं.

खालच्या अंगाला बसणारा म्हस्कू दर रविवारी विचारायचा, "मासा पिठालाच लागतो, हे पाण्यात उतरून कुणी बघितलंय?"

एकदा अय्युबराव सगळ्यांदेखत बोलून गेले, "दावतो. न्हाय दावलं तर दगड तुजा."

जावई मुजम्मिलचं बारामतीत मोबाईलचं दुकान. त्यानं करंगळीएवढा कॅमेरा आणून गळाच्या वीतभर वर दोरीला बांधला. तासाभरात दोन किलोचा रोहू आला. अय्युबरावांनी म्हस्कूकडं मुद्दाम बघितलं नाही.

मग कॅमेऱ्यातलं चित्रण बघायला तिघांनी मोबाईलमध्ये डोकी घातली.

पहिली चिलापी आली, पीठ हुंगलं, गेली. दुसरी आली, गेली. अशा सात. मग रोहू आला. त्यानं पिठाला पाठ दाखवली.

"पोट भरल्यालं असंल," अय्युबराव म्हणाले.

"आठी जणांचं?" म्हस्कूनं विचारलं.

पीठ विरघळून गेलं. नुसता गळ राहिला. तो एकाएकी थरथरला, थांबला, दोनदा उसळला, आणि रोहूनं मागं वळून झडप घातली.

मुजम्मिलनं वेळ बघितली. "मामा, तवा तुमी काय करत होता?"

"काय न्हाय. तंबाखू मळत होतो."

गळाची काठी मांडीखाली दाबलेली, वर तळहातावर मळणं, मग दोन थापा.

मुजम्मिल हळूच म्हणाला, "डिलीट करू?"

"सगळ्यांदेखत दावतो म्हणलोय. ऱ्हाऊ दे."

पुढच्या रविवारी दगडावर म्हस्कू होता. जन्मात तंबाखू न खाल्लेल्या माणसानं एका बैठकीत दोन पुड्या मळून टाकल्या. काठी मांडीखाली होती. दुपारपर्यंत चिलापीसुद्धा लागली नाही. काठावरचे बाकीचे अकरा जणही मळत होते. सगळा काठ शिंकत होता.

"अय्युबराव," शेवटी म्हस्कू ओरडला, "किती जोरात मळायची वो?"

खालच्या अंगाला बसलेल्या अय्युबरावांनी आपल्या हातांकडं बघितलं. अठरा वर्षांत त्यांनी तिकडं कधी लक्षच दिलं नव्हतं.

"हितनं न्हाय सांगता यायचं," ते म्हणाले. "मांडीखाली दगड लागतो."

म्हस्कूनं डोहाकडं बघितलं, रिकाम्या पिशवीकडं बघितलं. मग निम्मा दगड सोडून बाजूला सरकला.

"सगळा," अय्युबराव म्हणाले, आणि काठी उचलून वर चढू लागले.