छावणीच्या जीपची टाकी

मी मल्लिनाथ, सिरसाळ्यात गॅरेज चालवतो. दुष्काळात गॅरेज चालत न्हाई, नुसतं उघडं असतं. म्हणून विठ्ठलरावांचा निरोप आला तशी पान्यांची पिशवी उचलली आन् छावणीवर गेलो. विठ्ठलराव आमच्या सोसायटीचे चेअरमन. जनावरांची चारा छावणी सोसायटीच चालवायची, आन् परळीहून पेंडीची पोती आणायला तिची एक जुनी डिझेल जीप होती.

त्या जीपचं भांडण मला ठाऊक होतं. सोसायटीच्याच पंपावर रोज टाकी फुल्ल व्हायची, किती लिटर गेलं ते कोण बघत नव्हतं, आन् येताना गाडी वाटेतच कोरडी पडायची. डिझेलचा काटा कवाचाच बंद. ड्रायव्हर बिभीषण. मग काय, बिभीषण डिझेल काढून विकतो असं ठरलं. टाकी उघडून बघायची तसदी एकानंही घेतली न्हाई, इतकी हुशार माणसं.

चेअरमननी त्याला महादेवाच्या देवळापुढं उभं केलं आन् बेलभंडार उचलायला सांगितलं. बेलभंडार उचलून खोटं बोललं तर लेकराबाळांवर येतं, असं आमच्याकडं मानतात. बिभीषण बिनघोर वाकला. तेवढ्यात त्याची बायको अंजना गर्दीतून पुढं आली आन् तिनं त्याचं मनगट धरलं.

"नका उचलू," ती म्हणली. "लेकरं हायेत आपल्याला."

झालं. बायकोनंच अडवलं म्हणल्यावर पुढं कोण काय इचारतंय? तिथल्या तिथं चावी काढून घेतली आन् रामकिसनला दिली. रामकिसन म्हंजे चेअरमनचा भाचा.

त्या दिवसापासून बिभीषण मेल्यागत झाला. छावणीत त्याचे दोन बैल होते, त्यांच्यापाशी बसून राहायचा. लोक तोंडावर चोर म्हणायचे, तरी मान वर करायचा न्हाई. मला लई चीड यायची. एकदा म्हणलो, कावून गप बसतो बे, दोन शिव्या तरी हासड की. तर म्हणला, भूक न्हाई. मी जेवणाचं इचारलंच नव्हतं.

आन् आता रामकिसनच्या हातात बी जीप त्याच वाटेवर कोरडी पडली. भाच्याला चोर कसं म्हणणार? मग गाडी बिघडली, बोलवा मिस्त्रीला.

मी कॅनमधून डिझेल ओतायला लावलं. थोडं गेलं आन् फसफसून तोंडातून बाहेर आलं. रामकिसन म्हणला, फुल्ल झाली. मी टाकीवर बोटं वाजवली, तर वरपासून पार खालपत्तूर पोकळ आवाज. डिझेल आत जायचं तर आतल्या हवेला बाहेर पडाया वाट पायजे, त्यासाठी एक बारकी नळी असते. जीपखाली उताणा सरकलो. नळीचं तोंड मातीनं गच्च बुजलेलं, इटेवाणी पक्कं. कुंभारमाशीचं घर होतं ते. नदी आटली, ओढे आटले. आख्ख्या शिवारात ओला चिखल होता तो जनावरांच्या हौदाखाली, आन् जीप रोज तिथंच उभी असायची.

तारेनं माती कोरून काढली. मग डिझेल गटागटा जाया लागलं. कॅन संपला, दुसरा मागवला, तो बी गेला. बघायला जमलेली माणसं एकेक करून पांगली.

विठ्ठलराव खाकरले. बिभीषणला बोलावून चावी त्याच्या हातावर ठेवली, झालं गेलं इसरून जा म्हणले. माफीचा शब्द काय निघाला न्हाई. बिभीषणनं चावी घेतली. मला वाटलं होतं, आता तरी रडंल, निदान थुंकंल. त्याच्या तोंडावर काय बी नव्हतं.

अंजना पळत आली. डोळ्यांत पाणी, तोंडावर हसू. देवानं ऐकलं म्हणली, आता सगळ्यांना कळलं म्हणली, आन् त्याच्या बाहीवरची धूळ झटकाया लागली.

बिभीषण म्हणला, "सगळ्यांना आज कळलं, अंजना. तुला घरातच ठावं पायजे होतं."

तिचा हात तसाच थांबला. "मी लेकरांसाठी..." एवढंच म्हणली.

"हां," म्हणला तो, आन् जीप चालू करून पेंड आणायला गेला.