नऊवारीला फॉल नसतो

वासंतीकाकूने यंदा गौरींपुढे लावायला रांगोळीचे स्टिकर आणले. मुग्धाने पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

"काकू, हे तू लावणार?"

"मग काय करू? सकाळभर कंबर मोडून रांगोळी काढायची आणि चारला कुणीतरी तिच्यावर पाय द्यायचा. गेल्या वर्षी विस्कटलेल्या जागेवर खुर्ची ठेवून झाकली मी."

बायकांचाही दोष नव्हता. बालीगंजच्या त्या फ्लॅटमध्ये हळदीकुंकवाला आलेली प्रत्येक जण दारातून थेट गौरींच्या मुखवट्यांकडे बघत पुढे यायची. खाली कोण बघतो?

"यंदा एकदा काढ. मी राखण करते," मुग्धा म्हणाली.

"काढते. पण पुसली गेली, तर पुन्हा रांगोळी हातात धरणार नाही. सांगून ठेवते."

मुग्धा फिजिक्समध्ये एम.एस्सी. झालेली, तिची राखण म्हणजे दारात उभं राहणं नव्हे. तिने चांदनीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून काड्यापेटीएवढा मायक्रोकंट्रोलर, एक बझर आणि दोन गोल डोळ्यांचा सेन्सर आणला. एक डोळा कानाला ऐकू न येणारा आवाज सोडतो, दुसरा त्याचा प्रतिध्वनी टिपतो. जाऊन यायला लागलेल्या वेळावरून अंतर कळतं. पन्नास सेंटिमीटरच्या आत कुणी आलं की बझर वाजायचा. रांगोळीच्या तीन बाजूंना भिंत, सोफा आणि टेबल. वाट एकच, त्यामुळे सेन्सरही एक पुरे.

आदल्या दिवशी तिने मिठाईच्या खोक्यात सगळं बसवून ते स्टुलावर ठेवलं. पुस्तक पुढे नेलं, वाजलं. प्रभाकरकाकांनी तळहात धरला, वाजलं. मग काकू स्वयंपाकघरातून आली आणि थेट स्टुलाला येऊन टेकली.

आवाज नाही.

"मला मोजत नाही वाटतं तुझं यंत्र?"

"घरात हिला न घाबरणारं कुणीतरी आलं एकदाचं," काका म्हणाले.

मुग्धाने वायरी तपासल्या, आकडे पाहिले आणि कपाळावर हात मारला. काकूची साडी धुऊन धुऊन मऊ झालेली. तिच्या चुण्यांमध्ये आवाज जिरत होता, परत येतच नव्हता. आणि उद्या तर सगळ्या साड्याच!

"गुडघ्यापाशी साडी मऊच असणार," काकू म्हणाली. "खाली लाव की. खाली फॉल असतो."

"फॉल म्हणजे?"

"अहो, ऐकलंत? एम.एस्सी. झाली आणि साडीचा फॉल माहीत नाही!" काकूने साडीची कड उलटून आतून शिवलेली जाड पट्टी दाखवली. "चार बोटं. याच्या वजनाने तर साडी नीट पडते."

मुग्धाने स्टूल काढलं, खोका जमिनीवर ठेवून किंचित वर कलता केला. काकू पुन्हा चालत आली. बझर असा कोकलला की काकांच्या बशीत चहा सांडला.

दुसऱ्या दिवशी काकूने सहा तास खपून मोर काढला. चारला शेजारच्या बंगाली लीनादी संदेश मिठाईचा डबा घेऊन, नजर गौरींवर ठेवून आल्या. टीं टीं टीं! त्या टुणकन मागे उडाल्या.

"ओ माँ! तुमची देवी बोलते?"

"पायाखाली बघा म्हणते," काकू म्हणाली, आणि दोघी हसत सुटल्या. मग येणारी प्रत्येक जण मुद्दाम एकदा वाजवून बघू लागली.

सहाला महाराष्ट्र मंडळातल्या स्मिताआजी आल्या. अंगावर चापूनचोपून नेसलेली मऊ रेशमी नऊवारी. काकू मुग्धाच्या कानाशी पुटपुटली, "अगं, नऊवारीला फॉल नसतो!" मुग्धा गर्दीतून पुढे घुसू लागली. आजी हात जोडून गौरींकडे बघत एक पाऊल पुढे, दुसरं पाऊल पुढे...

टीं टीं टीं!

नऊवारी घोट्याच्या वरच संपत होती. खोक्याला आजींचे उघडे घोटे दिसले होते.

"कुणाचा गं फोन वाजतोय?" आजी मागे सरत म्हणाल्या. मुग्धा हसत सुटली, ती काही केल्या थांबेना.

साडेआठला शेवटची पाहुणी गेली. मोराचं एक पीसही विस्कटलं नव्हतं. काकू त्याच्यासमोर मांडी घालून बसली.

"मुग्धे, दिवाळीला दारापासून आतपर्यंत सलग काढते. किती खोकी लागतील?"

मुग्धाने लगेच कागद ओढला. "वळण धरून चार."

"आणि मी घरात यायचं कसं?" काकांनी विचारलं.

"वाजत या," काकू म्हणाली.