ढोकळ्यावरचं घर

"बेन, ढोकळ्यावरचं पडलं! सुखडीवरचं उभंय!"

मेघराज गढवी नाचायचाच काय तो बाकी होता. टेबलावर गोट्या पसरून त्यांवर एक मोठं ताट ठेवलं होतं. ताटात एका बाजूला सुखडीची घट्ट वडी, दुसऱ्या बाजूला हेमुबेननी सकाळी घरून वाफवून आणलेला ढोकळा, आणि दोन्हींवर बिस्किटांच्या सारख्याच उंचीच्या माड्या. जेनाबनं ताटाला हिसका दिला तसा ढोकळा गदागदा हलला आणि त्याच्यावरची माडी भुईसपाट झाली. सुखडीला पत्ताच नाही!

"परत," जेनाब म्हणाली. "एकदा काय, कुणाचंही पडेल."

परत केलं. परत ढोकळाच.

"माडी तीच, हिसका तोच," हेमुबेन म्हणाल्या. "मग फरक कशात?"

"जमिनीत!" अख्खा वर्ग ओरडला. शेजारच्या वर्गातून मास्तरांनी फळ्यावर डस्टर आपटलं, पण ऐकतंय कोण?

तालुक्यातल्या सहावी ते आठवीच्या पोरांमधून परीक्षा घेऊन निवडलेली ही टोळी दर शनिवारी कुंडेलीच्या शाळेत भूगर्भशास्त्र शिकायला यायची. एकेक नग नुसता! धडा संपायच्या आत पुढच्या धड्याची शंका तयार. इतर शिक्षक त्यांना वचकून असायचे. हेमुबेनना मात्र शनिवार म्हणजे सण वाटायचा. चाळिशी उलटलेली बाई, पण ही पोरं समोर आली की तिचाच आवाज सगळ्यांत वर चढायचा.

"मग बेन," जेनाबनं विचारलं, "भूकंपात कुंडेलीची खालची आळी गेली आणि वरची राहिली, ती पण अशीच?"

"छे गं," मेघराज मध्येच बोलला. तो पडला बाहेरगावचा. "ती घरं वेलजी मिस्त्रीनं बांधलेली. माझे आजोबा सांगतात, सिमेंट खाल्लं त्यानं. नुसत्या वाळूत भिंती उभ्या केल्या."

कुंडेलीच्या दोघांनी त्याला दोन्हीकडून ढोसलं. एकीनं कानात काहीतरी सांगितलं, तसं त्याचं तोंड एवढंसं झालं. वेलजी मिस्त्री हे हेमुबेनचे वडील.

"बेन, मला ठाऊक नव्हतं..."

"बस खाली. लोक पाठीमागे बोलतात, तू तोंडावर बोललास. बरं केलंस."

बोलल्या खऱ्या, पण फळ्याकडे वळून लिहिलेलंच पुन्हा गिरवू लागल्या. भूकंपानंतर बापांनी थापी हातात धरली नव्हती. लग्नाकार्यात कुणीतरी भिंतीला बोट लावून म्हणायचं, "हे वेलजीचं नाही ना? नाहीतर जेवण बाहेर मांडा!" आणि पंगत हसायची. पुढे पुढे बापांनी लग्नांना जाणंच सोडलं. आपल्या बापानं कुणाची पै खाल्ली नाही हे हेमुबेनना पक्कं माहीत होतं. पण लेकीनं सांगून कोण ऐकणार?

"तपासूया आपण," त्या म्हणाल्या. "पुढच्या शनिवारी जुन्या गावात. पण निघेल ते निघेल. रडायचं नाही, मीसुद्धा."

भूकंपानंतर नवं गाव सडकेपलीकडे वसलं आणि जुनं होतं तसंच बाभळीत बुडालं. तिथल्या मोकळ्या चौकात पोरांनी चुन्यानं आळ्या आखल्या. पडलेल्या घरासाठी कौलाचा तुकडा, टिकलेल्यासाठी पांढरा खडा. मग प्रत्येक घरापाशी लोखंडी पाइप ठोकायचा आणि आतली माती वर काढून बघायची. ऊन मी म्हणत होतं. पण पोरं कसली ऐकतात, पाइपासाठी मारामारी!

"बेन! गोगलगायी!"

जेनाबची किंकाळी ऐकून सगळे धावले. पाइपातून निघालेल्या काळ्या चिकणमातीत तांदळाएवढे पांढरे शंख होते.

"सांगा, कुठं राहतात या?" हेमुबेननी त्यातला एक शंख उचलून धरला.

"पाण्यात! बेन, इथं तळं होतं! तळ्यावर घरं बांधलीत!"

मग काय विचारता! खालच्या आळीत जिथं ठोकावं तिथं काळी माती आणि शंख. कधीकाळी बुजलेलं तळं, गावात कुणाच्या आठवणीतही नाही. वरच्या आळीत पाइप वीतभर जातो न जातो तोच खडकावर खणकन् वाजायचा. आणि खालच्या आळीतली दोन घरं तर भुजच्या मिस्त्रीनं बांधलेली निघाली. तीही पडलेली!

"म्हणजे वेलजीदादांचा दोष नाही," मेघराज म्हणाला. "मी माझ्या आजोबांना सांगतो आज. चांगलंच सांगतो!"

हेमुबेन अक्षरशः पळत सुटल्या. सडक ओलांडून घरात शिरल्या त्या ओरडतच. "बापा, चला! तुमचं नव्हतं ते! तळ्याचं होतं!"

"आता काय करायचंय त्याचं?" बापा म्हणाले. पण खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली.

चौकात पोरांनी म्हाताऱ्याला घेरलंच. सगळी एकदम बोलत होती. बापांनी काळी माती चिमटीत घेतली, शंख तळहातावर फिरवले.

"पाया खणताना लागायची ही माती," ते हळूच म्हणाले. "आम्ही म्हणायचो, वा, काय कसदार जमीन आहे." आणि हसले. बापांना असं हसताना हेमुबेननी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. आता गावाला बोलवायचं, सरपंचाला बोलवायचं, त्या पंगतीत हसणाऱ्या एकेकाला इथं आणून उभं करायचं!

"पण बेन," जेनाब कपाळाला आठ्या घालून चुन्याच्या नकाशाकडे बघत होती. "एक घर बसत नाही. वरच्या आळीत, त्या टोकाला. तुम्ही गेल्यावर आम्ही तिथंही ठोकलं. खाली खडक आहे, तरी घर पडलंय. एकटंच. कुणाचं ते?"

त्या टोकाला हेमुबेननी पोरांना पाठवलंच नव्हतं. वेळ पुरणार नाही, अशी स्वतःची समजूत घातली होती.

"ते राहू दे, जेनाब. एका घरानं काय होतंय?"

"असं कसं, बेन? तुम्हीच तर म्हणता, न बसणारं आधी बघा."

"का राहू दे?" बापा म्हणाले. "माझं घर आहे ते, बेटा. चल, दाखवतो."

पडक्या भिंतीपाशी जाऊन त्यांनी एक दगड उपसला. त्याला चिकटलेली माती बोटानं चोळली. भुगा खाली सांडला.

"दिवसभर लोकांची कामं करायचो. संध्याकाळी उरल्यासुरल्या दगडांत आपलं घर रचायचो. सिमेंट ज्याचं त्याच्या घराला, पुरं. आपल्याला माती बस झाली, म्हटलं. पुढच्या वर्षी नीट करू."

"हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत," हेमुबेन म्हणाल्या.

"तू लोकांशी माझ्यासाठी भांडायचीस. कसं सांगू?"

"आत कुणी होतं?" मेघराजनं विचारलं.

"हिची आई."

हेमुबेनना संताप आला, असा की दगड उचलून भिरकावावा. चार गोण्या, बापा, चार गोण्या सिमेंट लागलं असतं! आणि त्याच क्षणी समोर टोपी हातात घेऊन उभ्या राहिलेल्या त्या वाकलेल्या माणसाची मायाही तेवढीच आली.

"बेन," जेनाबनं वही उघडून अगदी हलक्या आवाजात विचारलं, "काय लिहू?"

"लिही," हेमुबेन म्हणाल्या. "पाया खडकावर. भिंत मातीतली."

"आणि बांधणाऱ्याचं नाव?"

हेमुबेननी बापांकडे पाहिलं.

"लिही, वेलजी रामजी मिस्त्री," बापा म्हणाले. "बाकीच्या घरांवर लिहिलंत तर याच्यावरही लिहा." मग त्यांनी टोपी घातली आणि मेघराजच्या हातातून पाइप घेतला. "खालच्या आळीत अजून घरं राहिलीत ना? चला. त्या भिंती फोडून बघा, सिमेंट आहे की नाही ते."

पोरं त्यांच्यामागून निघाली. जेनाब तर त्यांना गाठायला पळालीच, तिचे प्रश्न सुरूही झाले होते. हेमुबेन थोडा वेळ त्या उंबऱ्यावर बसून राहिल्या. मग साडीची माती झटकून उठल्या आणि खालच्या आळीकडे चालू लागल्या.