जुन्या गिऱ्हाइकांची यादी

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला सादिका मुलाणी निगडीतल्या आपल्या घरी मशीनवर बसून ब्लाउजला अस्तर जोडत होती. दार उघडंच होतं, तरी कोणीतरी कडी जोरात आपटली. दारात कंपनीचा निळा शर्ट घातलेला चाळिशीचा माणूस उभा होता. डोळे तांबारलेले, हेल्मेट काखेत. रात्रपाळी संपवून घरी न जाता थेट इकडेच आलेला दिसत होता.

"सादिका मुलाणी तुम्हीच का?"

"हो, मीच. या, आत या."

"आत यायला आलो नाही मी." त्यानं आपला मोबाईल पुढे केला. "हे वाचा. मला ऐकू येईल असं वाचा."

सादिकानं हात पुसून मोबाईल घेतला आणि वाचायला लागली. "हाय मिनल, खूप दिवस झाले, तुमची आठवण येते. तुमचा उजव्या बाजूचा पॅड आता बदलायला हवा. या आठवड्यात ऑर्डर करा आणि एकावर एक भेट मिळवा. तुमची सादिकाताई."

मिनल म्हटल्यावर समोरचा माणूस कोण, हे तिला कळलं. चाकणचे सयाजीभाऊ. तिनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण मार्चमध्ये त्यांचाच फोन आला होता. पार्सल पाठवू नका, ती गेली, एवढंच ते बोलले होते.

"पुढचं वाचा," सयाजी म्हणाले.

पुढचं त्यांच्या मुलीनं लिहिलेलं होतं. 'आई नाहीये आता. मार्चमध्ये गेली.' त्याखाली लगेच उत्तर आलेलं. 'धन्यवाद मिनल. ब्लाउजसाठी १ दाबा. पॅडसाठी २ दाबा.' मुलीनं पुन्हा लिहिलं होतं, 'तुम्हाला वाचता येत नाही का?' आणि त्यावर पुन्हा तेच. 'धन्यवाद मिनल. ब्लाउजसाठी १ दाबा.'

"चौदा वर्षांची आहे माझी वर्षाली," सयाजी म्हणाले. "आईचा फोन तिच्याकडं असतो, शाळेचा ग्रुप त्याच्यावरच आहे. काल दुपारी जेवताना हे आलं, त्याचा फोटो काढून तिनं मला पाठवला. ताट सरकवून उठली, ती अजून जेवलेली नाही."

"भाऊ, अल्ला साक्षी आहे, हे मी लिहिलेलं नाही."

"खाली नाव कोणाचं आहे?"

सादिकानं ते नाव पुन्हा वाचलं.

"मार्चमध्ये मी तुम्हाला फोन केला, तेव्हा तुम्ही रडला होतात," सयाजी म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण शब्द दातांतून येत होते. "मला वाटलं, नात्याची ना गोत्याची बाई, आणि माझ्या बायकोसाठी रडते. ते रडणं पण असलंच होतं का? एक दाबा, दोन दाबा?"

मोबाईल घेऊन ते जिना उतरून गेले. सादिका दारातच उभी राहिली. शेजारची बाई काय झालं म्हणून विचारायला आली, तिला तिनं हातानंच परत पाठवलं.

सादिकाचं काम चारचौघींसारखं नव्हतं. सात वर्षांपूर्वी ती एका लेडीज टेलरकडे कामाला होती, तेव्हा एक नर्सबाई ब्लाउज घेऊन आली. कॅन्सरमुळं तिचा एक स्तन काढला होता. ब्लाउज त्या बाजूला लोंबायचा आणि ती सारखी पदर ओढून घ्यायची. सादिकानं आतून मऊ सुती खिसा शिवून दिला आणि त्यात बसेल असा कापसाचा पॅड केला. वजन दोन्हीकडे सारखं वाटावं म्हणून त्यात काचेचे बारीक मणी भरले. ती बाई आरशासमोर उभी राहिली आणि तिनं पदर सोडून दिला. पुढच्या महिन्यात तिनं आणखी दोघींना पाठवलं. मग सादिकानं टेलरकडची नोकरी सोडून घरीच मशीन टाकली.

धंदा ऑनलाइन गेला तो तनुजामुळं. तनुजा रावेतला राहायची. तिच्या आईचं ऑपरेशन झालं होतं, त्या निमित्तानं ओळख झाली. आयटीतली नोकरी तिनं बाळंतपणात सोडली होती आणि हाताला काहीतरी हवं होतं. तिनं वेबसाइट केली, मापं कशी घ्यायची याचा व्हिडिओ केला, कुरिअर लावलं. लातूर, चिपळूण, पार चंद्रपूरहून बायका ऑर्डर द्यायला लागल्या. शिवायचं सादिकानं, बाकी सगळं तनुजानं.

पण कोण कोणत्या नावानं पार्सल मागवतं, कोणाच्या घरी सासऱ्यासमोर खोका उघडायचा नाही, कोणाचं दुखणं उलटलं, हे कोणत्याच वेबसाइटवर नव्हतं. बायका ते सादिकाला फोनवर सांगायच्या आणि ती वहीत टिपून ठेवायची. मिनलच्या पानावर तिनं मार्चची तारीख घालून आडवी रेघ मारली होती. तनुजाची यादी मात्र कुरिअरच्या पावत्यांवरून झाली होती. त्या यादीत मिनल जिवंत होती.

सादिकानं ब्लाउज तसाच मशीनवर टाकला आणि रिक्षा केली. रावेतला तनुजाच्या दारावर तिनं बेल दाबली.

तनुजानं हसत दार उघडलं. "बरं झालं आलात, सादिकाताई. दोन दिवसांत एकोणीस ऑर्डरी आल्यात. जुन्या गिऱ्हाइकांच्या. मी म्हटलं नव्हतं?"

"मिनलला मेसेज गेला."

"सगळ्यांनाच गेलाय. दोनशे चाळीस जणींना."

"मिनल मार्चमध्ये वारली, तनुजा."

तनुजाचं हसू गेलं. सादिकानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मुलीचं उत्तर, त्यावरचा धन्यवाद, सयाजीभाऊ काय बोलले ते.

"अरे देवा," तनुजा म्हणाली. "मला काय माहीत? तुम्ही मला सांगायला हवं होतं ना."

"मी सांगायला हवं होतं? तू पाठवण्याआधी एकदा विचारायला नको? ज्या बाईची छाती कापलीय, तिला तू एकावर एक भेट देतेस? आणि उजवी बाजू लिहितेस? मोबाईल नवऱ्याच्या हातात असेल, ऑफिसात टेबलावर पडला असेल. चिपळूणहून मागवणाऱ्या त्या सुनेनं तर सख्ख्या जावेला सांगितलेलं नाही."

"पॅड कोणत्या बाजूचा ते ऑर्डरमध्येच असतं. सिस्टीम आपोआप उचलते."

"सिस्टीमच्या खाली माझं नाव का?"

आता तनुजाही तापली. "कारण बायका तुम्हाला ओळखतात, मला नाही. आणि एक सांगू? दोनशे चाळीस जणींपैकी परत किती आल्या, माहितीय? सदतीस. पॅड दहा महिन्यांत चपटा होतो, हे तुम्हीच सांगता. मग बाकीच्या काय करतायत? चपटा पॅड घालून, पदर ओढत फिरतायत. लाजतात, स्वतः फोन करत नाहीत. तुम्हाला फोन करायला वेळ नाही. दिवाळीनंतर ऑर्डरी आटल्या तेव्हा तुम्हीच म्हणालात, कर बाई तुला काय करायचं ते. म्हणालात की नाही?"

सादिका तसं म्हणाली होती. मशीनवरून मान वर न करता म्हणाली होती, हेही तिला आठवलं. रावेतला येताना सगळा राग तनुजासाठी घेऊन आली होती. आता त्यातला बराचसा स्वतःच्याच वाट्याला आला, आणि त्यामुळं ती जास्तच संतापली.

"तुझ्या आईला गेला का हा मेसेज?" तिनं विचारलं.

तनुजा लॅपटॉपकडं वळली.

"मी विचारतेय. तुझी आई पण जुनं गिऱ्हाईकच आहे. गेला का?"

"नाही," तनुजा हळू म्हणाली. "तिचा नंबर मी काढला."

"का?"

"तिला कसा पाठवणार असला मेसेज?"

हे बोलल्यावर आपण काय बोललो ते तनुजाला कळलं. तिनं खाली बघितलं. सादिकाला ओरडावंसं वाटत होतं, पण आवाज उलट खाली आला. "म्हणजे तुला ठाऊक होतं. आपल्या आईला लागेल, हे कळत होतं. बाकीच्या दोनशे चाळीस कोणाच्याच कोणी नव्हत्या?"

मग तनुजानं लॅपटॉप ओढला आणि आपोआप जाणारे सगळे मेसेज बंद केले. यादीतून मिनलचं नाव काढायला गेली, तर सादिकानं तिचा हात धरला.

"आपण काढलं की झालं, असं नाही. आधी मी त्या पोरीशी बोलते."

तिथूनच तिनं मिनलच्या नंबरवर फोन लावला. तीनदा कट झाला. चौथ्यांदा उचलला.

"वर्षाली, मी सादिका बोलतेय. ब्लाउज शिवणारी."

"खरंच माणूस आहात का?" मुलीचा आवाज घोगरा होता.

"माणूसच आहे. चूक माझी आहे. माझ्या नावानं काय जातंय, ते मी बघितलं नाही."

"मी दोनदा लिहिलं होतं. दोनदा." ती श्वास घेत थांबली. "मी लिहिलं आई नाहीये, आणि तुम्ही धन्यवाद म्हणालात."

सादिकानं माफी मागितली. तिच्याच कानाला ती तोकडी वाटली. मुलीनं फोन ठेवला नाही. मग तिनं अचानक विचारलं, "आई तुमच्याकडून नक्की काय घ्यायची? मला कोणीच सांगत नाही. पप्पा म्हणतात, मोठ्यांचं असतं."

सादिकानं सरळ सांगितलं. पॅड म्हणजे काय, तो कशासाठी. मिनल कंपनीत वायरिंगच्या लाइनवर होती, आठ तास हात वर करून काम. हात उचलला की ब्लाउज वर चढायचा आणि पॅड सरकायचा. तिच्यासाठी बगलेत वेगळी कळी, म्हणजे जास्तीची पट्टी, घालावी लागली. चार वेळा उसवून शिवली. चौथ्यांदा मिनलनं फोन करून सांगितलं होतं की आता ओव्हरटाइम केला तरी मला त्याची आठवण येत नाही.

"म्हणजे ती तशीच कामाला जायची?" वर्षालीनं विचारलं. "आजारी असताना पण?"

"गेल्या दिवाळीपर्यंत जात होती."

"मला वाटायचं, बरी झालीय म्हणून जाते," मुलगी म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "हा नंबर काढून टाका तुमच्याकडून." आणि फोन ठेवला.

तनुजा समोर बसून ऐकत होती. तिचे डोळे भरले होते, पण सादिकाला तिची समजूत घालावीशी वाटली नाही. "नाव काढ आता," ती म्हणाली. "आणि उद्यापासून सगळ्यांना फोन करायचे. अर्धे तू, अर्धे मी. बाई स्वतः बोलली तरच कामाचं बोलायचं. दुसऱ्या कोणी उचलला, तर टेलरचा फोन होता, एवढंच सांगायचं."

"दोनशे चाळीस फोन?"

"मेसेज पाठवताना आकडा मोठा वाटला नाही तुला."

सोळा दिवस लागले. तनुजाच्या वाट्याला सोलापूरची एक बाई आली, तिच्या भाच्यानं तो मेसेज वाचून हसून दाखवला होता. ती तनुजाला वीस मिनिटं बोलली आणि तनुजानं ते ऐकून घेतलं. यादीतल्या आणखी पाच जणी वारल्या होत्या, त्यातल्या दोघींचं सादिकालाही माहीत नव्हतं. चिपळूणची सून फोन उचलेना. मग तिनं नंबरच बदलला आणि तिचं पुढं काय झालं, ते कधी कळलं नाही. त्या एकोणीस जणींपैकी चौघींनी ऑर्डर रद्द केली.

चिंचवडगावच्या कौशल्याबाईंना सादिकानं स्वतः फोन केला. सत्तरीच्या बाई, कोणाची भीड न ठेवणाऱ्या.

"आलता मला पन," त्या म्हणाल्या. "नातवानं वाचून दावला. मी म्हनलं, ही सादिका न्हाई. सादिका कवा मला हाय कौशल्या करती?"

"माझंच चुकलं, आजी."

"चुकलंच. पन येक आईक. पॅड माजा सपाट झालाय, दीड वरीस झालं. तू का न्हाई फोन केलास? मीच करायचा व्हय? मला लाज वाटती, म्हातारपणी ह्ये काय मागायचं म्हनून. यंत्राकडनं इचारू नगंस आन् गप बी बसू नगंस. तूच इचार की मला."

सादिकानं ते वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं. तनुजा म्हणत होती ते खोटं नव्हतं, हे तिला आता मान्य करावं लागलं, आणि मान्य करताना तिला तनुजाचा पुन्हा राग आला.

तेव्हापासून पार्सलमध्ये एक छोटं कार्ड जातं. पॅड बदलायची वेळ झाली की फोन करू का, कोणत्या नंबरवर, किती वाजता, आणि दुसऱ्या कोणी उचलला तर काय सांगायचं. ज्या बायका ते भरून पाठवतात, त्यांनाच फोन जातो. मंगळवार आणि शुक्रवार सादिका मशीन बंद ठेवते आणि फोन करते. ऑर्डरी एकदम वाढल्या नाहीत. सहा महिन्यांत जुन्यांपैकी एकसष्ट जणी परत आल्या.

सयाजीभाऊंना तिनं दोनदा फोन केला, त्यांनी उचलला नाही. तिसऱ्यांदा तिनं केला नाही.

तनुजा अजून सोबत आहे, पण दोघींत पूर्वीचं हसणं-खिदळणं राहिलेलं नाही. मध्ये एकदा तनुजाची आई मापाला निगडीला आली. टेप लावू देता देता म्हणाली, "माझ्या पोरीवर अजून चिडलीयस का गं?"

"चिडलेय," सादिका म्हणाली. "हात वर करा जरा."