माझ्या घरातल्या दोन राण्या

मित्रांनो, शिवथरला हैबतींच्या परसात, फणसाच्या सावलीत जी जुनी मधपेटी दिसते ना, ती मी. मला बिरवाडीच्या एका सुताराने घडवलं. मुंग्या चढू नयेत म्हणून माझे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले असतात. पोटात आठ चौकटी आहेत; त्यांवर सातेरी जातीच्या मधमाश्या मेणाची पोळी बांधतात. हैबतींनी बारा वर्षं मला जिवापाड जपलं.

दुःख एकच होतं. दर वर्षी जांभूळ फुलायच्या सुमाराला माझ्यात माश्या मावेनाशा होत. मग जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन उडून जाई, आणि हैबती थवा खाली बसावा म्हणून थाळी वाजवत बांधाबांधाने त्यांच्यामागे धावत. गेल्या वर्षी तो थवा पार कड्यावर जाऊन बसला. मी अर्धी रिकामी राहिले आणि घरात मधाचा थेंब आला नाही.

यंदा त्यांची सून तेजश्री महाडला मधमाशीपालन शिकून आली. फाल्गुनात तिने माझं झाकण उघडलं, तर पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्याएवढी राणीघरं लोंबत होती.

"आबा, नव्या राण्या वाढताहेत. चार दिवसांत जुनी उडेल. त्याआधी आपणच दोन घरं करू."

"भरलं घर फोडायचं नाय," हैबती म्हणाले. "एकच पेटी हाय माझी. दोन्हीकडच्या मेल्या तर?"

"आपण नाही फोडलं तर त्या स्वतःच फोडतील. आणि गेलेल्या परत यायच्या नाहीत."

हैबतींनी गेल्या वर्षीच्या त्या कड्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "जुनी राणी उज्वलाकडं नेऊ. लेकीच्या घरी तरी जाईल."

उज्वला कशेडीला दिलेली. तेजश्रीने जुनी राणी, पिल्लांच्या दोन चौकटी आणि मधाची एक चौकट, माश्यांसकट नव्या पेटीत ठेवली. माझ्यात एकच राणीघर राखलं. संध्याकाळी हैबती ती पेटी मांडीवर घेऊन टेम्पोत बसले.

मी बिनराणीची झाले. माश्यांचा सूर रडवा झाला. हैबती रोज माझ्या भिंतीला कान लावत आणि मान हलवत परत जात. तेजश्रीलाही जेवण गोड लागेना. आठव्या दिवशी राणीघर कुरतडून नवी राणी बाहेर आली, पण हे मी सांगणार कशी? पुढच्या आठवड्यात ती नरांच्या भेटीला उन्हात उडाली, आणि समोरच्या तारेवर माश्या टिपणारे तीन वेडे राघू बसलेले. माझा जीव टांगणीला लागला. पण ती परत आली.

एकविसाव्या दिवशी हैबती नेहमीपेक्षा जास्त वेळ कान लावून उभे राहिले.

"तेजश्री, इकडं ये गो. आज त्या रडत नायत."

तिने चौकट उन्हाकडे धरली. घराघरात सुईच्या टोकाएवढं पांढरं अंडं; नवी राणी अंडी घालू लागली होती. हैबतींच्या म्हाताऱ्या डोळ्यांना ते दिसलं नाही, तरी ते हसत होते. त्यांनी लगेच कशेडीला फोन लावला.

"आबा, माझी पेटी भरत आली हाय," उज्वला म्हणाली. "आणखी चौकटी पाठवा."

मित्रांनो, माश्या वाढल्या म्हणून त्यांना धूर करून हाकलू नका, आणि गर्दीत कोंडूनही ठेवू नका. वेळेवर झाकण उघडा. ज्यांना जायचंय त्यांना चांगल्या घरी पोचवून या, आणि मागे राहिलेल्यांना थोडे दिवस द्या. तेवढं केलंत, तर माझ्यासारख्या लाकडी पेटीलाही लेक सासरी सुखात असल्याचा आनंद मिळतो.